जोडी फुटली की बाद

मंगळवार पेठेत गणपतरावांच्या लाकडाच्या वखारीमागं बॅडमिंटनचं जे कोर्ट होतं, त्याला कोर्ट म्हणायला छाती लागायची. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर फक्कीच्या रेघा आणि तिन्ही बाजूंना सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या. पण त्या थप्प्यांनी वारा अडायचा, आणि उघड्यावर खेळणाऱ्याला वाऱ्याइतका दुसरा वैरी नाही. सकाळी साडेसहाला खेळ सुरू झाला की आठ-साडेआठपर्यंत फूल, म्हणजे शटल, सरळ जायचं. मग वारा थप्प्यांच्या डोक्यावरून आत उतरायचा आणि मंडळी रॅकेटी पिशवीत घालून आपापल्या कामाला लागायची.

या कोर्टावर दर थंडीत जोड्यांची स्पर्धा व्हायची, आणि ती कुतुबुद्दीन चालवायचा. कुतुबुद्दीनचा बाप ढोलकी-तबल्याला पुड्या चढवायचा. मुलानं ताण ओळखायचं कसब बापाकडून उचललं आणि रॅकेटींना तात घालायला सुरुवात केली. तात ओढून बसवली की तो ती नखानं छेडून बघायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा. त्यानं मान हलवली नाही, तर रॅकेट गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. असा माणूस स्पर्धा चालवायला बसला म्हणजे काय होणार? नियमाला केसभरही ढील नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात त्यानं स्पर्धेची रीतच बदलली. आधी हरला तो बाद, असं होतं. त्यामुळे आठातल्या चार जोड्या पहिल्याच रविवारी बाद व्हायच्या आणि पुढचे रविवार थप्पीवर बसून चहा पीत दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. कुतुबुद्दीननं वखारीतली एक फळी काळी रंगवून घेतली, थप्पीला टेकवून उभी केली आणि सगळ्यांना समोर बसवून नवी रीत सांगितली.

"पाच आइतवार. दर आइतवारी परत्येक जोडीची एकच मॅच, पंधरा गुणांची. हरला तरी बाद न्हाय. जिंकणाऱ्याला पंधरा, हरणाऱ्यानं जेवढं काढलं तेवढं त्येला. सगळ्यांची बेरीज ह्या फळ्यावर. बेरीज सारखी झाली तर ज्यानं समोरच्याला कमी गुण दिलं त्यो वर. पुढच्या आइतवारी पहिल्यानं दुसऱ्याशी खेळायचं, तिसऱ्यानं चौथ्याशी, असं खालपातुर."

लालासाब मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी लगेच बोट वर केलं. "म्हणजे जिंकत गेलं की पुढचा गडी अवघडच येणार?"

"व्हय मास्तर. आणि हरत गेलं की सोपा."

"मग आमचं बरं हाय," मास्तरांचे जोडीदार गणपतराव पोटावरून हात फिरवत म्हणाले आणि सगळी वखार हसली.

"अजून एक," कुतुबुद्दीन म्हणाला. "जोडी ठरली ती ठरली. मधीच गडी बदलायचा न्हाय. जोडी फुटली की बाद." हे बोलताना तो बाळासोकडं बघत होता. मागच्या वर्षी बाळासोनं अर्ध्यावर आपला जोडीदार सोडून जोतीरामला धरलं होतं आणि त्यावरून चार दिवस पेठेत शिव्यागाळी झाली होती.

"आमची काय फुटत न्हाय बाबा," सयाजी मागून ओरडला. "अठरा वर्सं झाली. एकांदवेळ बायको सोडून जाईल, ह्यो न्हाय सोडायचा."

सयाजी म्हणजे कुतुबुद्दीनचा जोडीदार. एस.टी.त कंडक्टर, गडहिंग्लजच्या गाडीवर. आवाज असा की घंटीची दोरी ओढायची गरज नाही. दोघं पन्नाशीला टेकलेले, पण पेठेत त्यांची नावं वेगळी कुणी घेत नसे, कुतुब-सयाजी असंच म्हणायचे. कुतुबुद्दीन जाळीजवळ आणि सयाजी मागं, हे अठरा वर्षांत कधी बदललं नव्हतं. कुतुबुद्दीनचं मनगट भारी होतं. समोरच्यानं कितीही जोरात मारलं तरी तो फूल जाळीवरून नुसतं सोडून द्यायचा आणि ते पलीकडं जाळीला घासून खाली पडायचं. त्यातून जे निसटेल ते मागं सयाजी बघायचा.

पहिल्या रविवारी त्यांनी पंधरा-तीन अशी मॅच काढली. फळ्यावर पहिलं नाव त्यांचं लागलं. दुसरं बाळासो-जोतीरामचं, म्हणजे पुढच्या रविवारी गाठ त्यांच्याशी. ती दोघं बावीस-तेवीस वर्षांची, रोज तालमीत जाणारी.

"पळवतील आपल्याला," सयाजी खुशीत म्हणाला. "पळूया की!"

बुधवारी दुपारी चिमणाबाई कुतुबुद्दीनच्या दुकानात आली. चिमणाबाई सयाजीची बायको. अठरा वर्षांत ती दुकानाची पायरी चढली नव्हती. काही लागलं तर ती हुसेनबीकडं, कुतुबुद्दीनच्या बायकोकडं, मागल्या दारानं जायची. त्यामुळे तिला बघून कुतुबुद्दीनच्या हातातली तात सुटली.

"भावजी, मी आलते म्हणून ह्यास्नी सांगू नका."

"बसा वहिनी. काय झालं?"

ती बसली नाही. "मागल्या म्हयन्यात गाडीत चक्कर आली त्यास्नी. ड्रायव्हरनंच डाक्टरकडं न्हेलं. डाक्टरनं त्यास्नी पित्त हाय म्हणून सांगितलं. मग मला बाहीर बोलावलं आणि खरं सांगितलं. काळीज वाढलंय म्हनं. चालू द्या, नोकरी करू द्या, पन पळायचं न्हाय. पळालं तर कवाबी…"

कुतुबुद्दीन उठून उभा राहिला. "मग त्याला सांगूया की. मी सांगतो."

"नगा, पाया पडते! ज्ञानू भावजींचं काय झालं ठावं न्हाय व्हय तुमास्नी?"

ठाऊक होतं. सयाजीचा थोरला भाऊ ज्ञानू, शेतात बैलाच्या बरोबरीनं राबणारा माणूस. त्याला असंच काळजाचं दुखणं सांगितलं आणि तो त्या दिवशी बाजेवर पडला तो उठलाच नाही. चार महिन्यांत गेला. दुखण्यानं गेला की भीतीनं, हे कुणालाच कळलं नाही. पण सयाजी तेव्हापासून म्हणायचा, माझं काय झालं तर मला सांगू नका रे बाबांनो, उभ्या उभ्या जाऊ द्या.

"मग खेळच बंद करतो. सपर्धाच न्हाय," कुतुबुद्दीन म्हणाला.

"कशापायी बंद, म्हणून इचारतील. काय सांगशीला? खोटं एका मिंटात वळखतात ते. जलम गेलाय बिनतिकीटवाले धरण्यात." तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमी असतासा न्हवं बाजूला? येवढं चार आइतवार त्यास्नी पळू देऊ नका. माझं दुसरं कायबी म्हणनं न्हाय."

"न्हाय पळू देत," कुतुबुद्दीन म्हणाला. "शब्द हाय माझा."

ती गेल्यावर त्यानं तात पुन्हा हातात घेतली, पण ओढायचं सुचेना. सयाजीला पळू द्यायचं नाही, म्हणजे करायचं काय? बाळासो-जोतीराम एकेका गुणाला कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत नाचवणार. जिंकलं तर पुढच्या रविवारी पुन्हा तसलेच. वर जाईल तितकं पळणं जास्त, ही रीत त्याचीच. मग खाली जायचं. तळाला गणपतराव आणि मास्तर. गणपतराव जागचे हलत नाहीत आणि मास्तरांना डावीकडचं दिसत नाही. त्यांच्याशी सयाजी बसून खेळला तरी चालेल.

फळ्यावर खोटे आकडे लिहिणं कुतुबुद्दीनच्या हातून झालं नसतं, जीव गेला तरी. पण कोर्टावर खोटं खेळता येईल असं त्याला वाटलं. चार-दोन फुलं जाळीत घालायची, चार-दोन बाहेर. पटापट हरायचं आणि खाली उतरायचं. इतकी साधी युक्ती आधी कशी सुचली नाही म्हणून त्याला जरा बरंसुद्धा वाटलं. माणूस कितीही नियमाचा असला तरी प्रेमात पडला की त्याची अक्कल गहाण पडते, आणि मैत्री हे प्रेमच असतं, त्याला दुसरं नाव दिलं म्हणून काही फरक पडत नाही.

दुसऱ्या रविवारी सर्व्हिस जोतीरामची होती. पहिलंच फूल जाळीवर आलं, कुतुबुद्दीननं नेहमीसारखी रॅकेट पुढं केली आणि मनगट मुद्दाम ढिलं सोडलं. फूल आपल्याच बाजूला पडलं. वखारीत कुणीतरी "अरारा" केलं. दुसरं त्यानं बाहेर घातलं. तिसरं जाळीत.

चौथ्या फुलाला मात्र सयाजी मागून धावत आला आणि कुतुबुद्दीनच्या खांद्यावरून हात घालून त्यानं ते फूल पलीकडं मारलं. मग परत मागं पळाला, कारण जोतीराम ते मागंच टाकणार होता. पुढचंही तसंच झालं, त्याच्या पुढचंही. कुतुबुद्दीन जे सोडून देई ते घ्यायला सयाजी पुढं येई आणि परत मागं जाई.

पंधरा-चार अशी हार झाली. आपली सर्व्हिस असेल तरच गुण मिळायचा असा तेव्हाचा खेळ होता. फळ्यावर नुसता चारचा आकडा पडला. त्या चारासाठी सयाजी किती पळाला ते लिहायला फळ्यावर जागा नव्हती.

"आज लय फुलं गेली माझ्याकडनं," कुतुबुद्दीन खाली बघत म्हणाला.

"हुतं रं कवा कवा." सयाजी ओंडक्याला टेकून श्वास घेत होता. त्याची नजर कुतुबुद्दीनच्या उजव्या हातावर होती. "थंडी हाय. हात आखडतो."

जोडी पहिल्यावरून पाचव्यावर आली. आता सहाव्याशी गाठ. कुतुबुद्दीननं आठवडाभर मनाची समजूत घातली की एक पायरी उतरलो, अजून दोन उतरलो की झालं.

तिसऱ्या रविवारी त्यानं वेगळं काही करून बघितलं. मॅच सुरू व्हायच्या आधी तो म्हणाला, "सयाजी, आज तू जाळीजवळ हुबा ऱ्हा. मी मागं बघतो."

मागं राहून आपण पळायचं, असा त्याचा बेत. पण सयाजी हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझा हात चालंना झालाय, आणि मागनं मारणार कसा? तू जाळीपशी नुसता हुबा ऱ्हा. बाकीचं मी बघतो."

नुसता उभा राहा. आपणच पेरलेलं आता आपल्याच दारात उगवलंय हे कुतुबुद्दीनला त्याच वेळी कळायला हवं होतं. थोडंसं कळलंही. पहिल्या दोन फुलांना त्यानं मनगट नीट वळवलं, फूल जाळीला घासून पडलं, दोन गुण आले आणि सयाजीचा चेहरा असा फुलला की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. "आला, आला हात!" तो ओरडला. तसा कुतुबुद्दीन घाबरला. अशानं जिंकू. जिंकलो की वर जाऊ, आणि वर बाळासो बसलाय. त्यानं हात पुन्हा ढिला सोडला.

पंधरा-सहा. परत हार. मॅच संपल्यावर सयाजी बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभा होता. ओठ जरा निळसर दिसले, की तसा भास झाला, कोण जाणे. गणपतरावांनी चहा पुढं केला तो त्यानं घेतला नाही.

"बसतोस काय जरा?" कुतुबुद्दीननं विचारलं.

"पित्त हाय रं. जाईल." मग हळू आवाजात तो म्हणाला, "तुला दुखतंय काय कुठं? मनगटात? खरं सांग."

खरं सांगायची ती वेळ होती. कुतुबुद्दीननं पुढं आयुष्यभर त्या वेळेवर डोकं आपटलं. पण चिमणाबाईचं "नगा, पाया पडते" त्याच्या कानात होतं, आणि ज्ञानूची बाज डोळ्यांपुढं होती. तो म्हणाला, "जरा दुखतंय."

बिनतिकीट माणसाला नुसत्या बसण्यावरून ओळखणारा सयाजी. त्यानं हे मात्र खरं मानलं. कुतुबुद्दीन खोटं बोलेल हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

आता जोडी सातवी होती आणि तळाला गणपतराव-मास्तर आठवे. चौथ्या रविवारची गाठ त्यांच्याशी. फळ्यावर ती नावं समोरासमोर लिहिताना कुतुबुद्दीनचा जीव भांड्यात पडला. इथपर्यंत आणलं. आता आज आणि पुढचा रविवार, बस्स. मग पुढच्या वर्षी काहीतरी निमित्त काढून खेळच बंद करायचा.

त्या सकाळी धुकं दाट होतं. सयाजी कंडक्टरची चामड्याची पिशवी घेऊनच आला, कारण नऊच्या गाडीवर जायचं होतं. पिशवी त्यानं जपून थप्पीच्या आडोशाला ठेवली. चेहऱ्याचा रंग उतरला होता, पण डोळ्यांत काहीतरी ठरवून आल्यासारखं दिसत होतं.

"कुतब्या, आज जिंकायचं बरं का."

"जिंकून काय करायचंय? सावकाश खेळूया. मजेत."

"मजेत कसलं? सपर्धा तुझी, फळा तुझा, आणि तुझंच नाव तळाला? पेठ हसंल. मी हसू देणार न्हाय."

कुतुबुद्दीन जाळीपाशी जाऊन उभा राहिला. आणि खेळ सुरू झाला.

गणपतराव जागचे हलत नव्हते हे खरं. मास्तरांना डावीकडचं दिसत नव्हतं हेही खरं. पण दोघं मिळून फूल उंच उडवायचे, आभाळाला लागेल असं. असं फूल खाली यायला वेळ घेतं आणि पळणाऱ्याला पुरेपूर वेळ देतं. कुतुबुद्दीननं काही फुलं घेतली, काही सोडली. यांच्याशी जिंकलं तरी चालेल असं आता त्याला वाटत होतं, म्हणून त्यानं मनगट नीट वळवायला सुरुवात केली. पण आता ते सयाजीला पटत नव्हतं. दुखऱ्या हाताला ताण नको म्हणून तो फुलाफुलाला ओरडायचा, "सोड, माझं!" आणि मागून पुढं यायचा. डावीकडचं त्याचं, उजवीकडचं त्याचं, जाळीजवळचंही त्याचं.

"सयाजी, मला घेऊ दे की! मी घेतो!"

"तू हुबा ऱ्हा!"

चौदा-नऊ झालं. सर्व्हिस सयाजीची. मास्तरांनी फूल उंच उडवलं. ते बरोबर कुतुबुद्दीनच्या डोक्यावर आलं. हातभर वर. पोरसवदा खेळाडूनंही मारलं असतं असं. कुतुबुद्दीननं रॅकेट उचलली, आणि मागून हाक आली, "सोड, माझं!" अठरा वर्षांत त्या हाकेला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. हाक आली की बाजूला व्हायचं, ही त्याच्या अंगात मुरलेली सवय होती. तो बाजूला झाला.

सयाजी धावत आला, उडी मारली आणि फूल गणपतरावांच्या पायाशी आपटलं.

"पंधरा!" तो ओरडला. एस.टी. स्टँडवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग थप्पीपाशी जाऊन ओंडक्याला टेकून खाली बसला. हसत होता. "जिंकलो की लेका," तो म्हणाला. "आता तळाला न्हाय तू." कुतुबुद्दीन त्याच्याजवळ पोचेपर्यंत त्याची मान ओंडक्याकडं कलली होती.

गणपतरावांनी गाडी काढली. दवाखाना जवळच होता. पण सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यात आधी कुतुबुद्दीनला. गाडीत सयाजीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. थंडीनं आखडलेला सयाजीचा हात तो सारखा चोळत होता, आणि मागं वखारीत आत उतरलेला वारा फळ्याजवळची खडूची भुकटी उडवत होता.

पाचवा रविवार सयाजीचं तेरावं आटोपल्यावर झाला. कुतुबुद्दीन फळ्यापुढं उभा राहिला. गणपतराव म्हणाले, "तू कुणालाबी घे जोडीला. आमचं कुणाचं काय म्हणनं न्हाय." बाळासोनंही मान डोलावली. जोतीराम तर म्हणाला, मी बसतो बाहेर, तुम्ही बाळासोबरोबर खेळा काका. कुतुबुद्दीननं फडकं ओलं केलं आणि सयाजीच्या नावाबरोबर आपलंही नाव पुसून टाकलं. "जोडी फुटली की बाद," तो म्हणाला. "सांगितलंतं की मी." मग त्यानं उरलेल्या मॅचचे गुण शेवटपर्यंत लिहिले, एक आकडा चुकू दिला नाही, आणि फळा वखारीत उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सयाजीची रॅकेट घेऊन तो त्याच्या घरी गेला. रॅकेटची तात त्यानं नवी घातली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. तिनं रॅकेट घेतली, मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली.

"वहिनी, मी शब्द दिलता तुमास्नी," कुतुबुद्दीन म्हणाला.

"तुमी काय कराल भावजी? तुमचा हात चालत नव्हता. मला सगळं ठावं हाय. ह्येंनीच सांगितलंतं, त्या दिवशी खेळाय निगताना."

"काय सांगितलंतं?"

"म्हनले, कुतबाचं मनगट गेलंय. सांगत न्हाय कुणाला, पन गेलंय. रॅकेटीला तात घालून पोट भरतोय, हातच गेला तर खाईल काय त्यो? आता कोर्टावर त्येच्या वाटणीचं मलाच पळाय पायजे. पन त्येला कळू द्याचं न्हाय म्हनले, वाईट वाटंल." ती उठली आणि कोनाड्यातली कंडक्टरची पिशवी घेऊन आली. आतून तिनं चिंधीत गुंडाळलेली एक बाटली काढली. बूच मेणानं बंद केलेलं, आत हिरवट तेल. "आदल्या शनिवारी सुट्टी काढून कुरुंदवाडला गेलतं. तिथं कोण वैद्य हाय म्हनं, मोडलेली हाडं बशिवतो. स्टँडापास्नं तीन मैल चालत गेलं. वाटंत दोनदा बसाय लागलं म्हनले, पित्तानं. तुमच्यासाठी आणलंय ह्ये. मॅच झाल्यावर द्यायचं म्हणून पिशवीत घातलंतं. आदी दिलं तर त्येला कळंल मला कळलंय म्हणून, असं म्हनले."

कुतुबुद्दीननं बाटली हातात घेतली. त्याला बोलायचंच होतं. एकदा तरी, कुणाला तरी.

"वहिनी, माझा हात बरा हाय. पैल्यापास्नं बराच हाय. मी मुद्दाम…"

"असं म्हनू नका भावजी." तिनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. "माझ्या समाधानासाठी खोटं कशाला बोलताय? तुमच्या हातापायी ते गेलं असं मी म्हणन व्हय? न्हाय म्हणायची. तुमी बाजूला हुता म्हणून येवढं चार आइतवार तरी खेळलं. हसत गेलं. तेल मातुर लावा. लय लांबनं आणलंय. जेवायच्या आदी, खालनं वर चोळायचं, असं सांगितलंय वैद्यानं."

तो उठला. बाटली कोटाच्या आतल्या खिशात घातली. रस्त्यानं येताना तीन-चार जणांनी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही.

घरी हुसेनबीनं बाटली बघितली, वास घेतला आणि विचारलं, "हे कशाचं? दुखतंय काय कुठं?"

"व्हय," तो म्हणाला. "मनगट."

त्यानं बाही वर केली आणि जेवायच्या आधी उजव्या मनगटाला तेल लावलं, खालून वर, जसं सांगितलं होतं तसं. दुसऱ्या दिवशीही लावलं. हुसेनबी बरेच दिवस विचारत राहिली, उतार पडला का, आणि तो म्हणत राहिला, अजून नाही. ज्या मनगटाला कधी काही झालंच नव्हतं, त्याला बाटली संपेपर्यंत तो रोज तेल चोळत होता.